डीएनएचे आरएनएत ‘रूपांतर’ होते का?

पुण्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, दहावीच्या विज्ञानात ‘प्रतिलेखन’ असा शब्द येतो, बोलताना मात्र ‘डीएनएचे आरएनएत रूपांतर होते’ असे सर्रास म्हटले जाते. यांतले योग्य कोणते? त्या स्वतः मोडी कागदपत्रे बाळबोधीत उतरवतात, म्हणून या क्रियेला ‘लिप्यंतर’ का म्हणू नये, असाही त्यांचा प्रश्न आहे.

‘रूपांतर’ इथे टाळायलाच हवे. दुधाचे दह्यात रूपांतर झाले की दूध उरत नाही. जनुकाचे तसे होत नाही. डीएनएचे दोन धागे थोड्या लांबीपुरते एकमेकांपासून सुटतात, आरएनए पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) त्यांपैकी एका धाग्यावरून सरकत जाऊन त्याच्या आधाराने आरएनएचा नवा धागा जोडत नेते आणि मागचे दोन्ही धागे पुन्हा पूर्ववत जुळतात. मूळ डीएनए शाबूत राहतो, म्हणून तर एकाच जनुकावरून अनेक विकरे एकामागोमाग चालू शकतात आणि आरएनएचे कितीतरी धागे लागोपाठ तयार होतात. ‘रूपांतर’ म्हटले की ही सगळी गोष्ट विद्यार्थ्याच्या नजरेआड होते.

‘लिप्यंतरा’ची सूचना मात्र खरोखर विचार करण्याजोगी आहे. मोडी पत्र बाळबोधीत उतरवताना अक्षराची आकृती बदलते, उच्चार तोच राहतो. इथे विकर ज्या धाग्यावर चालते, त्या साचा-धाग्यावर टी-ए-सी (थायमिन, ॲडेनीन, सायटोसिन या रासायनिक ‘अक्षरां’चा) असा क्रम असेल तर आरएनएत ए-यू-जी उमटते, कारण थायमिनसमोर ॲडेनीन, ॲडेनीनसमोर युरॅसिल आणि सायटोसिनसमोर ग्वानिन येते. म्हणजे अक्षराच्या जागी तेच अक्षर न येता त्याचा जोडीदार येतो. डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावर त्याच ठिकाणी ए-टी-जी असते. त्याच्याशी आरएनए ताडून पाहिला तर थायमिनऐवजी युरॅसिल एवढाच फरक दिसतो, आणि तेवढ्यापुरते ‘लिप्यंतर’ चपखल बसते. परंतु तो धागा या क्रियेत वाचलाच जात नाही, त्यामुळे क्रियेचे नाव त्याच्यावरून ठेवणे मला पटत नाही.

‘प्रतिलेखन’ मला अधिक अर्थपूर्ण वाटते. ‘प्रति’ या उपसर्गात नकलेचा अर्थ आहे, तसाच ‘समोरचा’ हाही अर्थ आहे. प्रतिबिंब, प्रतिपक्ष, प्रत्युत्तर या शब्दांत तो स्पष्ट जाणवतो. जोडीदार अक्षरे समोरासमोर मांडत जाणाऱ्या क्रियेला हा उपसर्ग दोन्ही अर्थांनी शोभतो. शिवाय डीएनए आणि आरएनए दोन्ही अशा अक्षरांच्या घटकांचेच, म्हणजे न्यूक्लिओटाइडांचेच, बनलेले असल्यामुळे इथे ‘लेखन’ पुरेसे आहे. पुढे तीन-तीन अक्षरांच्या संकेतावरून अमिनो आम्लांची साखळी बनते तेव्हा भाषाच बदलते, आणि म्हणून त्या टप्प्याला ‘भाषांतरण’ म्हणतात. ही जोडी ज्यांनी योजली, त्यांनी विचारपूर्वक योजली आहे.

याच शब्दावरून ‘उलट प्रतिलेखन’ही सहज घडवता येते. आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले. करोनाच्या काळात पुण्यात घरोघरी पोहोचलेल्या ‘आरटी-पीसीआर’मधील ‘आरटी’ म्हणजे हेच उलट प्रतिलेखन: विषाणूच्या आरएनएवरून आधी डीएनए बनवायचा आणि मग त्याच्या प्रती वाढवायच्या.

वाक्यात ‘जनुकाचे प्रतिलेखन होते’ असे लिहावे आणि तयार होणाऱ्या आरएनएला ‘प्रतिलेख’ म्हणावे. आपल्या पेशींतील पहिला प्रतिलेख बहुधा कच्चा असतो; त्यातील इंट्रॉन हे भाग कापून उरलेले एक्झॉन जोडले जातात. या काटछाटीला मात्र ‘प्रतिलेखन’ म्हणू नये. त्यासाठी ‘स्प्लायसिंग’ हा शब्दच वापरावा.