वाचकांचे प्रश्न : जन्मनोंद ऑनलाइन झाली, मग अडतंय कुठं?

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. सासरच्या गावी महापालिकेत दाखला मागितला, तर 'आमच्याकडे नोंद नाही' म्हणाले. जन्मनोंदणीचं पोर्टल देशभर एकच आहे ना? मग दाखला कुठूनही का मिळत नाही? शेवटी इथेच नव्याने अर्ज भरावा का?

नव्याने अर्ज अजिबात भरू नका. पोर्टल एक असलं तरी नोंद करणारा निबंधक गावागणिक वेगळा असतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथलाच निबंधक नोंद करतो, आईवडील कुठेही राहत असोत. बाळ संगमनेरच्या दवाखान्यात झालं असेल तर नोंद संगमनेर नगरपरिषदेत. सासर पुण्यात असेल, तर तिथे ती कितीही शोधली तरी मिळायची नाही. सासरी दुसरी नोंद केलीत तर एकाच मुलाचे दोन नोंदणी क्रमांक तयार होतात, आणि पुढे पासपोर्टच्या वेळी त्यातला एक रद्द करून घ्यायला निबंधकाकडे खेटे घालावे लागतात.

दवाखान्यात जन्म झाला की कळवण्याची जबाबदारी दवाखान्याच्या प्रमुखाची, 21 दिवसांच्या आत. दवाखाना नमुना 1 (जन्माची माहिती देण्याचा फॉर्म) भरून पोर्टलवरच्या आपल्या लॉगिनमधून पाठवतो, निबंधक तपासून मंजूर करतो आणि मग क्यूआर कोडचा दाखला तयार होतो. म्हणून डिस्चार्ज घेताना दोन गोष्टी पाहून घ्या : नमुना 1 पाठवला का, आणि त्यात मोबाइल नंबर कोणाचा टाकलाय. तिथे माहेरच्या भावाचा नंबर पडला, तर पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जात राहतात.

आणखी एक. नमुन्याच्या सांख्यिकी भागात 'आईचे राहण्याचे ठिकाण' असा रकाना आहे. तिथे आई एरवी जिथे राहते ते गाव लिहायचं. बाळंतपणापुरतं माहेर लिहिलं तर माहेरच्या गावाचा जन्मदर फुगतो आणि सासरचा घसरतो. हा भाग दाखल्यावर छापला जात नाही, त्यामुळे चूक झाल्याचं घरी कुणाच्या लक्षातही येत नाही.

दाखल्यावर इंग्रजीत Kale नाव बरोबर आहे, पण मराठीत 'काळे'चं 'काले' झालंय. दवाखाना म्हणतो पालिकेत जा, पालिका म्हणते दवाखान्यात जा. 

चूक बहुधा लिप्यंतराची आहे. रोमन अक्षरांत 'ळ' आणि 'ल' यांना एकच अक्षर. 'ण' आणि 'न' यांचंही तेच. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग तर एकाच घरात दोन तऱ्हेनं सापडतं. संगणकाने सुचवलेलं मराठी नाव न वाचता पुढे ढकललं की हे असं होतं. नमुना भरताना पडद्यावरचं देवनागरी नाव आईला किंवा वडिलांना वाचायला द्यावं. मिनिटभराचं काम आहे, पण बाळंतिणीच्या खाटेपासून संगणक लांब असतो आणि तेच राहून जातं.

मंजुरीनंतर दवाखान्याला नोंदीत हात घालता येत नाही. दुरुस्ती जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली निबंधकच करतो. मूळ नोंद तशीच ठेवून शेजारी दुरुस्तीची नोंद होते, खाडाखोड होत नाही. अर्जासोबत आईवडिलांचे आधार, शाळेचे दाखले अशा, मराठी नाव ठळक दिसणाऱ्या कागदांच्या प्रती जोडा. चूक मुळात दवाखान्याने भरलेल्या नमुन्यात असेल तर त्यांच्या लेटरहेडवर, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं पत्रही घ्या. तेव्हा दोघांकडेही जावं लागेल, पण आधी दवाखाना आणि मग पालिका या क्रमाने.

दुरुस्ती होईपर्यंत त्या दाखल्यावर आधार काढू नका. चुकीचं नाव एका कागदावरून दुसऱ्यावर गेलं की दोन्ही सुधारावे लागतात.

बारसं व्हायचंय, नाव ठरलेलं नाही. नोंद थांबवली तर चालेल?

थांबवू नका. नाव कोरं ठेवून नोंद होते. कलम 14 प्रमाणे नोंदीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. मात्र घाईत 'बाळ' किंवा 'बेबी' असं काही लिहू देऊ नका. तेच नाव म्हणून नोंदलं जातं, आणि मग प्रश्न नाव घालण्याचा न राहता बदलण्याचा होतो. तो फार अवघड.

जुळं असेल तर प्रत्येक बाळाचा नमुना 1 वेगळा, आणि दोन्हींच्या शेऱ्यात 'जुळे' असं लिहायचं.

आमच्या पाड्यावरून दवाखान्यात नेताना बाई रुग्णवाहिकेतच बाळंत झाली. नोंद कुठे? घरी झालेल्या जन्माचं काय? (आशाताई, नंदुरबार जिल्हा)

चालत्या वाहनात जन्म झाला तर वाहन पहिल्यांदा जिथे थांबतं ते जन्मस्थान धरतात आणि माहिती वाहनाच्या प्रमुखाने द्यायची. रुग्णवाहिका थेट ग्रामीण रुग्णालयातच थांबली असेल, तर नोंद त्या हद्दीत. रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये 'वाटेत प्रसूती' असं लिहून घ्या, नाहीतर तिथे आणि पाड्याच्या ग्रामपंचायतीत अशा दोन नोंदी होतात.

घरच्या जन्माची माहिती कुटुंबप्रमुख किंवा जवळचा नातेवाईक देतो, नोंद ग्रामसेवक करतात (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी). रेंज नसेल तर कागदावरचा नमुना 1 भरून सही किंवा अंगठा घ्या आणि पोच मागा. पोचेवरची तारीख 21 दिवसांच्या आतली आहे हे दाखवता आलं पाहिजे. पोर्टलवर ती माहिती चार दिवसांनी चढली तर तो दोष घरच्यांच्या माथी येऊ नये.

मुलगी अडीच वर्षांची झाली, नोंदच नाही.

उशिराच्या नोंदीसाठी जन्मानंतर 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क, 30 दिवसांपासून एक वर्षापर्यंत वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी, आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीआधी हा आदेश न्यायदंडाधिकारी देत. आता तो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. आधी जन्म झाला तिथल्या निबंधकाकडून नोंद नसल्याचा दाखला (नमुना 10) घ्या, मग डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरण कार्ड जोडून अर्ज करा. उशिराच्या नोंदींत गैरप्रकार झाल्याच्या तक्रारींनंतर महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये ही तपासणी कडक केली आहे. फक्त प्रतिज्ञापत्र देऊन काम होईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

लांबवूही नका. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट अशा कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा दाखलाच लागतो.

एजंटाने दिलेला दाखला शाळेने नाकारला. क्यूआर कोड तर आहे!

क्यूआर कोड कोणीही छापू शकतो. मोबाइलने स्कॅन करा आणि उघडणारा पत्ता शेवटपर्यंत वाचा. त्यात crsorgi.gov.in हवं, वेबसाइटच्या नावाचा शेवट gov.in असाच. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट वेबसाइटवरून काढलेले दाखले देशभर सापडले आहेत. नोंदणी क्रमांक घेऊन थेट त्या गावच्या निबंधकाकडे विचारा. तिथे नोंद नसेल तर तो कागद कुठेच दाखवू नका, पोलिसांत तक्रार द्या आणि वर सांगितल्याप्रमाणे उशिराच्या नोंदीचा अर्ज करा.

ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. जुनी रजिस्टरं संगणकावर घेताना काय सांभाळू?

जसं आहे तसं उतरवा. जुन्या रजिस्टरात बहुतेकदा मुलाचं नावच नसतं. बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. गावात कोण ते ठाऊक असलं तरी नाव आपल्या मनाने भरू नका. त्याचा अर्ज वेगळा. फाटलेल्या पानावरचा आकडा वाचता येत नसेल तर अंदाजाने 3 चा 8 करू नका, शेरा लिहा. टंकणारा आणि तपासणारा वेगळा असावा. या रजिस्टरांपूर्वीचा गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, बहुधा तहसिलात असतो आणि पुष्कळदा मोडी लिपीत. त्याला जाणकार वाचक मिळेपर्यंत हात लावू नका. आणि रजिस्टर संगणकावर चढलं म्हणून रद्दीत घालू नका. वाद झाला तर शेवटी तेच पान बघितलं जातं.