अमेरिकेतील कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांमध्ये एचआयव्ही जास्त आढळतो. याचा मर्दानगीच्या कल्पनेशी काय संबंध, आणि ते जास्त बेफिकीर असतात का?

नाही, ते बेफिकीर नसतात. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये अंदाज वर्तवला की, तेव्हाचे प्रमाण कायम राहिल्यास कृष्णवर्णीय समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांपैकी निम्म्यांना आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचे निदान होईल. अशा गोऱ्या पुरुषांमध्ये मात्र अकरांत एकाला. हा आकडा वाचून तुमच्यासारखी शंका मलाही आली होती. परंतु संशोधक ग्रेगरी मिलेट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले की, कृष्णवर्णीय पुरुषांचे वर्तन इतरांपेक्षा अधिक धोक्याचे नव्हते. फरक होता तो विमा आणि उपचार मिळण्यात. जोडीदार बहुधा आपल्याच समाजातले असतात आणि त्यांच्यातल्या अनेकांवर उपचार झालेले नसतात, त्यामुळे तेवढ्याच संबंधांत लागण होण्याची शक्यता वाढते.

मग मर्दानगीचा संबंध कुठे येतो? १९६८ मध्ये मेम्फिस शहरातल्या संपकरी कृष्णवर्णीय सफाई कामगारांच्या हाती ‘आय अ‍ॅम अ मॅन’ असे फलक होते. त्या ‘मॅन’मध्ये माणूस आणि पुरुष दोन्ही येतात, आणि मला वाटते, सगळी गुंतागुंत तिथेच आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या, म्हातारपणीसुद्धा, ‘बॉय’ म्हणून हाक मारली गेली, त्यांच्यासाठी पुरुष म्हणून मान मिळणे ही नुसती ऐट नव्हती. असा कष्टाने मिळवलेला मान घरात आणि चर्चमध्ये गमावण्याची भीती असेल, तर माणूस आपल्या संबंधांविषयी गप्प राहतो. त्यातच २००० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या माध्यमांनी गुपचूप पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या ‘डाउन लो’ पुरुषांनाच साथीचे खलनायक ठरवले, आणि लपण्याचे कारण आणखी वाढले.

एचआयव्ही टाळणारी ‘प्रेप’ची गोळी २०१२ पासून तिथे उपलब्ध आहे आणि नियमित घेतल्यास ती फार परिणामकारक ठरते. पण तीच औषधे बाधितांच्या उपचारातही वापरतात, त्यामुळे कपाटातली बाटली कुणाच्या दृष्टीस पडली, तर ‘समलिंगी’ आणि ‘आजारी’ असे दोन्ही शिक्के एकदमच बसू शकतात. दर दोन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन २०२१ मध्ये, तर वर्षातून दोनदाच घ्यायचे २०२५ मध्ये मंजूर झाले. त्यामुळे बाटली लपवावी लागत नाही. मात्र इंजेक्शनासाठी दवाखान्यात जावे लागते. अलाबामा राज्यातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी संशोधकांनी मुद्दाम उपचारांविना ठेवले होते, हे न विसरलेल्या समाजातल्या माणसाला दवाखान्यात एका अनोळखी डॉक्टरसमोर आपले संबंध पुरुषांशी आहेत, हे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते.