वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्ह अॅम्पचा बास घट्ट कसा करावा?

प्रश्न : ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. फेंडर डिलक्स रिव्हर्बच्या धर्तीचा २२ वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा अॅम्प्लिफायर) आहे. व्हॉल्यूम ५च्या पुढे नेला की जाड तारा फसफसतात, बास २वर आणला तरीही. टोन सर्किटमध्ये (बास-ट्रेबल कमीजास्त करणाऱ्या भागात) काय बदलू?
– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : आधी अॅम्प स्टेजच्या पोकळ फळ्यांवरून उचलून खुर्चीवर ठेवा, कोपऱ्यातून बाहेर घ्या. घूम तेवढ्यानं गेली, तर सोल्डरला हातच लावू नका.

नाही गेली तर फिल्टर कंडेन्सर (अॅम्पच्या आतला वीजपुरवठा सपाट ठेवणारे) तपासा. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतात. दर १० अंशांमागे त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. फुगलेले असतील तर मूळ क्षमतेचेच, ५०० व्होल्टचे नवे घाला. ते थकलेले असताना टोन सर्किट बदलणं म्हणजे पैसे वाया.

खरा उपाय एकच : आवाज फाटण्याआधी बास कापायचा. एकदा फाटलेला बास पुढे कितीही कमी केला तरी गढूळपणा जात नाही. म्हणून सुरुवात पहिल्या ट्रायोडपासून (सिग्नल वाढवणारा पहिला व्हॉल्व्ह). त्याच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) १.५ किलोओहमच्या रेझिस्टरला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. तिथे १ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर लावा. जाड ‘ई’ तार ८२ हर्ट्झची. तिथे सुमारे ४ डेसिबल कमी होतात, २०० हर्ट्झच्या बऱ्याच वर फरक जवळजवळ उरत नाही.

मग टोन सर्किटमधला ०.१ मायक्रोफॅरडचा बास कंडेन्सर काढून ०.०४७ लावा. बासचं बटण खाली असतानाच याचा फरक कळतो. ०.०२२ लावला तर क्लीन आवाज बऱ्याचदा पातळ होतो, मला तो पटत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि वाजवून बघा.

जोरात छेडल्यावर आवाज क्षणभर दबून मग परत येत असेल, तर दोष टोन सर्किटचा नाही. ६व्ही६ या शेवटच्या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (प्रवाह आवरणाऱ्या जाळीकडे) सिग्नल नेणारे ०.१चे दोन कपलिंग कंडेन्सर चार्ज होऊन व्हॉल्व्ह तेवढा वेळ बंद पाडतात. तिथे ०.०२२, ६३० व्होल्टचे लावा. २२० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरबरोबर कपात साधारण ३३ हर्ट्झच्या खालीच होते. बास शाबूत राहतो आणि व्हॉल्व्ह लवकर सावरतो.

जिवाचं काम : चॅसिसमध्ये (अॅम्पच्या धातूच्या सांगाड्यात) ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो, प्लग काढल्यावरही टिकतो. प्लग काढा, १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी प्रत्येक फिल्टर कंडेन्सरच्या धन टोकापासून चॅसिसला काही सेकंद लावा, मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. हे जमत नसेल तर काम जाणत्या कारागिराकडे द्या.

प्रश्न : ०.०४७चा कंडेन्सर बाजारात ६३ व्होल्टचाच मिळाला. चालेल?
– जुळे सोलापूर

उत्तर : टोन सर्किटला नाही. तिथे व्हॉल्व्हच्या प्लेटचे (धन टोकाचे) दोनशेच्या आसपास व्होल्ट असतात, व्हॉल्व्ह तापेपर्यंत त्याहून जास्त. किमान ४०० व्होल्टचा घ्या. कंडेन्सर गळू लागला की बटण फिरवताना खरखर येते, तीच पहिली खूण. कॅथोडवर मात्र दोन-एक व्होल्टच असतात. तिथला १ मायक्रोफॅरडचा ६३ व्होल्टचा असला तरी चालतो.