तणाच्या बिया आवाजाने उगवतात का? वाचकांचे प्रश्न, बागेची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात आम्ही चार जणांनी मिळून भाजीचे वाफे केलेत. पाऊस सुरू झाला की टाकळा, घोळ, रानमाठ, केना सगळं एकदम उगवतं, उपटलं की पंधरा दिवसांत पुन्हा तेच. ग्रुपवर एक व्हिडिओ आलाय, ठराविक फ्रिक्वेन्सीचा आवाज मातीला ऐकवला की झोपलेल्या सगळ्या तणाच्या बिया एकदम उगवतात, मग एकदाच काढून टाकायच्या आणि कायमची सुटका. ब्लूटूथ स्पीकर लावून बघू का?
– एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : स्पीकर राहू द्या, त्याने काही होणार नाही. पण व्हिडिओतली एक गोष्ट खरी आहे आणि ती तुमच्या फार कामाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही उपटता ते यंदा उगवलेलं तण. त्याच्या कितीतरी पट बिया खाली मातीत तशाच पडून असतात, पाणी मिळालं, ऊब मिळाली तरी लगेच उगवत नाहीत, यालाच सुप्तावस्था म्हणतात. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली २० बाटल्यांमध्ये वाळूत मिसळून तणांच्या बिया पुरून ठेवल्या होत्या, ठरलेल्या वर्षी एक बाटली काढायची आणि पेरून बघायचं असं ते चालू आहे, आणि २०२१ साली काढलेल्या बाटलीतल्यासुद्धा काही बिया उगवल्या! त्यामुळे कायमची सुटका असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

बी का उगवत नाही याचं कारण प्रत्येक तणाचं वेगळं. टाकळ्याचं बी हातात घेऊन बघा, चकचकीत तपकिरी, टोकं तिरकी कापल्यासारखी, आणि साल इतकी टणक की रात्रभर भिजत घातलं तरी बरीचशी बिया फुगतच नाहीत, पाणी आत जाईल तर ना. घोळ आणि रानमाठाचं बी अगदी बारीक, त्यांना पाण्याची अडचण नाही, त्यांना उजेड हवा असतो, आपण माती उकरली की क्षणभर उजेड लागतो आणि कित्येकांना तेवढा पुरतो. जर्मनीत तर याच कारणासाठी रात्री अंधारात नांगरट करून तण कमी येतं का हे तपासलं गेलंय. आणि काही बियांत आतल्या रसायनांचीच अडवणूक असते, अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड थांबवतं आणि जिबरेलिन उगवायला लावतं, त्या दोघांचं पारडं फिरेपर्यंत बी गप्प बसतं.

आता आवाज. याचे प्रयोग खरंच होतात, पण बहुतेक अल्ट्रासाउंडचे, म्हणजे २०,००० हर्ट्झच्या वरचा, आपल्याला ऐकूच येत नाही असा आवाज, आणि तो देतात पाण्यातून. झवेरी बाजारात दागिने साफ करायचं अल्ट्रासोनिक क्लीनर बघितलं असेल, छोटी स्टीलची टाकी, साधारण ४०,००० हर्ट्झवर चालणारी, तसलंच यंत्र. पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात, फुटताना बियांच्या सालीला बारीक ओरखडे, तडे पडतात आणि पाणी आत शिरतं. बार्लीसारख्या धान्याची उगवण याने लवकर झाल्याचे निकाल आहेत. म्हणजे बी आवाज ऐकून जागं होत नाही हो, त्याची साल खरवडली जाते. साल हीच ज्याची अडचण आहे त्या बियांना याचा उपयोग होऊ शकतो, ज्याला उजेड हवाय त्याचं साल खरवडून काय होणार?

आणि मातीत तर हे जमतच नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्याची हजारातली जेमतेम एक भाग ऊर्जा आत जाते, बाकी सगळी परत फिरते. माती म्हणजे तर कण, ओलावा आणि हवेच्या पोकळ्या, त्यात एवढ्या उंच फ्रिक्वेन्सीचा आवाज लगेच विरून जातो, आणि ते बुडबुडे व्हायला बियांभोवती सलग पाणी लागतं ते मातीत कुठून आणणार. रेल्वे रुळांच्या कडेला वर्षभर खडखडाट चालू असतो, तिथला टाकळासुद्धा पावसाचीच वाट बघतो.

मग खरं काय, तर तणाला आधी उगवायला लावायचं आणि मग मारायचं ही कल्पना. ज्वारीवर टारफुला येतो बघा, मुळांना चिकटून जगणारं तण. त्याचं बी धुळीसारखं, आणि ज्वारीसारख्या पिकाच्या मुळांतून पाझरणाऱ्या रसायनाचा इशारा मिळाल्याशिवाय ते उगवत नाही. १९५६ साली हे तण अमेरिकेत कॅरोलायनाच्या मक्यात सापडलं तेव्हा तिथे पुढे मातीत इथिलीन वायू सोडला, केळी पिकवायच्या चेंबरमध्ये वापरतात तोच, बिया फसून उगवल्या, मूळ चिकटवायला पीकच नाही म्हणून मेल्या. इतर उपायांच्या जोडीने ते काम कित्येक वर्षं चाललं, पण तण आटोक्यात आलं.

तुम्हाला वायूची गरज नाही, पाणी पुरेल. पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी वाफा अगदी पेरायचाय तसा तयार करा, पाणी घाला आणि काहीही पेरू नका. तण येऊ द्या. दोन-चार पानांवर आलं की खुरप्याने वरच्या वर खरवडून काढा, खणू नका, खणलं की खालच्या बिया वर येतात आणि पुन्हा पहिल्यापासून. वेळ असेल तर हेच अजून एकदा करा आणि मग भाजी लावा. गावाकडे पहिल्या पावसाचं तण उगवू देतात, वाफसा आला की वखराची पाळी घालतात आणि मग पेरतात, तेच हे. कोकणात आणि ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपासाठी राब भाजतात त्यानेही वरच्या थरातल्या तणाच्या बिया जळतात, पण सोसायटीत धूर करू नका, त्याऐवजी एप्रिल-मेमध्ये माती ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून चार ते सहा आठवडे कडा दाबून ठेवा, उन्हाने बऱ्याच बिया मरतात. केन्याकडे मात्र वेगळं लक्ष द्या, त्याला जमिनीखालीही फुलं येऊन बी धरतं आणि खोडाचा तुटका तुकडा ओल्या मातीत पडला तरी मूळ धरतो, त्यामुळे काढलेला केना वाफ्यात टाकून ठेवायचा नाही. टाकळा कोवळा असताना काढलात तर सरळ भाजी करा, पावसाळ्यात स्टेशनबाहेर जुड्या विकत घेतोच की आपण.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये अल्ट्रासोनिक क्लीनर आहे. त्यावर टाकळ्याच्या बियांचा प्रोजेक्ट करायचाय. काय काळजी घेऊ?
– एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : छान विषय घेतलायस, जरूर कर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मशीन चालू असताना पाणी तापतं, आणि टणक सालीच्या बियांना नुसत्या गरम पाण्यानेही फरक पडू शकतो, म्हणून थर्मामीटर ठेव आणि तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात, तेवढाच वेळ, मशीनशिवाय ठेवलेला एक गट हवाच. तो नसेल तर आवाजाने झालं का उष्णतेने हे तुला सांगताच येणार नाही. एक गट कोरडा आणि एक पॉलिश पेपरवर घासलेला, कारण घासून साल पातळ केली की पाणी आत जातं, त्यामुळे तुझ्या मशीनची तुलना त्याच्याशी झाली पाहिजे. प्रत्येक गटाच्या तीन-चार डिश, बिया एकाच वर्षीच्या, किडकी आधीच वेगळी काढ. वेळ वाढवत नेलास तर एका टप्प्यानंतर आतल्या अंकुरालाच इजा होते आणि उगवण उलट घटते, तोही निकालच आहे, लपवू नकोस. अजून एक गट सुचवते. स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या बिया काचेच्या बाटलीत नुसत्या जोरजोरात हलवल्या तरी सालीतली एक नाजूक जागा उघडते आणि पाणी शिरतं हे १९३० च्या दशकातच दिसलं होतं, टाकळ्यावर करून बघ, खर्च शून्य.

प्रश्न : लव्हाळ्यावर यातलं काही चालेल का?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : नाही. लव्हाळा पसरतो तो मुख्यतः जमिनीखालच्या गाठींनी, बियांनी नाही, त्यामुळे इथे बियांचा प्रश्नच नाही. कुंडी असेल तर माती ओतून चाळा आणि गाठी वेचून काढा. वाफ्यात असेल तर कोंब दिसला की ओल्या मातीत खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचा, दर आठवड्याला, न कंटाळता, आणि गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, उन्हात कडकडीत वाळू द्या.