कुशीवर झोपलं की भागतं का?

आमचे हे उताणे झोपले की घोरता घोरता श्वासच थांबतो. कुशीवर वळवलं की गप्प. मग ते मास्कमधून हवा देणारं सीपॅप मशीन कशाला? – एक वाचक, वसमत

निम्मं निदान तुम्हीच केलंय, ताई. झोपेत असा श्वास अडण्याचा आजार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया. उताणं झोपल्यावर जीभ आणि टाळूचा मऊ भाग घशात मागे पडतो, हवेची वाट बंद होते. कुशीवर ती बरीचशी मोकळी राहते. पण घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडायचा थांबला असं नाही. त्यासाठी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजायची तपासणी हवी. तासाला किती वेळा श्वास किमान 10 सेकंद अडला किंवा मंदावला, तो आकडा म्हणजे एएचआय. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र. बहुतेक जण एवढं वाचून रिपोर्ट पिशवीत घालतात. मी आधी बघतो ते उताणं असताना किती आणि कुशीवर किती. समजा उताणं 34, कुशीवर 4. मग कूस सांभाळण्याचा उपाय जरूर करून बघावा. उताणं 50 आणि कुशीवर 24 असेल तर? आकडा निम्म्याहून खाली आला, रिपोर्टवर ‘पोझिशनल’ (झोपायच्या स्थितीवर अवलंबून) असा शिक्काही बसेल. पण 24 म्हणजे आजार आहेच. तिथे मशीन लागतं. आणि तपासणीच्या रात्री माणूस उताणा झोपलाच नसेल, तर एकूण आकडा फसवा कमी येतो, हेही विचारून घ्या.

बनियनला टेनिस बॉल शिवायचा म्हणतात, खरं का? – अंबाजोगाई

खरं आहे. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध खिसा शिवून त्यात बॉल. उताणं व्हायला गेलं की टोचतो. आठवडाभर हौस असते, मग पाठ दुखते, झोप मोडते आणि बनियन खुंटीला जातं. छातीला किंवा मानेला लावायची, उताणं झालं की थरथरणारी यंत्रंही मिळतात. ती जास्त सुसह्य, पण महाग. पाठीशी गोधडीची घट्ट वळकटी लावून सुरुवात करा. आणि बाजेवर झोपत असाल तर सुतळी आवळून घ्या! झोळ पडलेल्या बाजेत माणूस कुशीवर टिकतच नाही, घरंगळून मधे उताणा होतो.

डावी कूस की उजवी? – परतूर

जमेल ती. छातीत जळजळ होत असेल तर डावी.

सीपॅप आहे, पण उन्हाळ्यात रात्री लाईट जाते. – औसा

इन्व्हर्टरवर चालवा. ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवलात तर वीज बरीच कमी लागते. तेही नसेल त्या रात्री कुशीवर, डोक्याकडची बाजू उंच करून झोपा. दारू नको, स्वतःच्या मनाने झोपेची गोळी तर मुळीच नको. दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

उसाचा ट्रक चालवतो. स्टिअरिंगवर डोळा लागायचा. आठ दिवस कुशीवर झोपतोय, बरं वाटतंय. हंगामात गाडीवर जाऊ का? – माजलगाव

इतक्यात नको. बरं वाटणं आणि श्वास न अडणं यांत फरक आहे, आणि झोपेत आपण कितीदा उताणे झालो हे सकाळी आठवत नाही. कुशीवर झोपण्याचा उपाय चालू ठेवूनच पुन्हा स्लीप स्टडी करा. आकडा घेऊन डॉक्टरांना भेटा. ते हो म्हणेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हाती द्या.