नादारीचा अर्ज करण्याआधी फ्लॅट पत्नीच्या नावे करावा का?

प्रश्न : मी भांडुपला राहतो. लग्नकार्यांच्या जेवणावळींची कंत्राटे घेण्याचा माझा व्यवसाय टाळेबंदीत बसला, तो पुन्हा उभा राहिला नाही. दोन वैयक्तिक कर्जे, तीन क्रेडिट कार्डे आणि किराणा व्यापाऱ्यांची उधारी मिळून 31 लाखांचे देणे आहे. एका कर्जाला साडू जामीन आहेत. राहता फ्लॅट माझ्या व पत्नीच्या नावे असून त्यावर गृहकर्ज आहे. एका वकिलांनी असे सुचवले की, फ्लॅटमधला माझा हिस्सा बक्षीसपत्राने पत्नीला द्यावा, मेव्हण्यांकडून हातउसने घेतलेले 2 लाख फेडून टाकावेत आणि मग नादारीचा, म्हणजे देणी फेडता येत नसल्याचा अर्ज न्यायालयात करावा, म्हणजे सहा महिन्यांत सगळे देणे माफ होईल. तसे करावे का?

उत्तर : अर्ज करावा की नाही, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे, बक्षीसपत्र मात्र मुळीच करू नका.

2016च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019पासून फक्त कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला आहे, त्यामुळे आपल्याला 1909चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्टच लागू पडतो आणि अर्ज मुंबई उच्च न्यायालयात करावा लागतो. (मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात राहत असता, तर 1920चा वेगळा कायदा आणि जिल्हा न्यायालय!) किमान 500 रुपये देणे असले की अर्ज करता येतो, हा आकडा वाचून आपल्याला हसू आले तर नवल नाही.

न्यायालयाने नादार ठरवले की आपली मालमत्ता ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याकडे जाते आणि न्यायालयाच्या परवानगीविना धनकोंना आपल्यावर स्वतंत्र दावे लावता येत नाहीत. गृहकर्जाच्या बँकेचा तारणावरचा हक्क मात्र अबाधित राहतो. आपल्याकडे काय उरते, तर धंद्याची हत्यारे, कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी व घरातले सामान, तेही सगळे मिळून 300 रुपयांपर्यंतचे. त्या रकमेत आज आपल्या धंद्यातला पन्नास पानांचा भात शिजवणारा एक टोपही येणार नाही. भविष्य निर्वाह निधीला मात्र कायद्याचे संरक्षण आहे.

आता त्या सल्ल्याविषयी. मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केल्यापासून दोन वर्षांच्या आत देणारा नादार ठरला, तर ते हस्तांतर असायनीपुढे टिकत नाही. बाकीच्या धनकोंना डावलून मेव्हण्यांना झुकते माप देण्यासाठी अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत केलेली परतफेडही अशीच रद्द होऊ शकते आणि ते पैसे मेव्हण्यांकडून परत मागितले जातात. म्हणजे पत्नीला फ्लॅट मिळणार नाही, मेव्हण्यांना पैसे पचणार नाहीत आणि धनकोंसमोर होणाऱ्या जाहीर तपासणीत आपल्याला उभ्या उभ्या याचा खुलासा करावा लागेल. देणी माफ करणारा ऋणमुक्तीचा आदेश नाकारणे, लांबवणे किंवा त्याला अटी घालणे न्यायालयाच्या हातात असते, आणि लपवाछपवी करणाऱ्याला ते सहसा सवलत देत नाही. तेव्हा सहा महिन्यांची हमी कोणत्या आधारावर दिली गेली, हे त्या वकिलांनाच विचारावे.

मुक्ती मिळाली तरी सरकारी देणी आणि फसवणुकीतून उद्भवलेली देणी सुटत नाहीत. व्यापाऱ्यांना दिलेले धनादेश परत गेले असतील, तर त्यांचे फौजदारी खटलेही नादारीने आपोआप संपत नाहीत.

वकील निवडताना या कायद्याखालची प्रकरणे चालवणारा निवडावा. त्याच्याकडे जाताना कर्जाचे करार, गेल्या तीन वर्षांचे बँक खात्यांचे उतारे, नोटिसा आणि व्यापाऱ्यांच्या वह्या, सगळे न्यावे. मेव्हण्यांचे 2 लाखही यादीत लिहावेत, कारण तेही धनकोच आहेत. आधी त्याच्यामार्फत बँकांशी तडजोडीची बोलणी करून पाहावीत, असे माझे मत आहे, कारण फ्लॅट वाचण्याची थोडीफार शक्यता तिथेच आहे. वसुलीचे फोन सकाळी आठपूर्वी किंवा संध्याकाळी सातनंतर येत असतील, तर ते रिझर्व्ह बँकेच्या सूचनांच्या विरुद्ध आहेत. लेखी तक्रार करावी.

शेवटी आपल्या साडूंविषयी. आपल्या ऋणमुक्तीने जामीनदार सुटत नाही, उलट बँक आपला मोर्चा त्यांच्याकडे वळवते. ही गोष्ट त्यांना बँकेच्या नोटिशीतून कळण्याऐवजी, अर्ज दाखल होण्यापूर्वी आपण स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगावी.