लिनो कोरायला बसण्याआधी

दडपशाहीवर छापचित्रं करायची म्हणतोस, तर आधी चित्रकार चित्तप्रसादांची लिनोचित्रं, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापलेली चित्रं, नीट बघ. १९४३च्या बंगालच्या दुष्काळावरची त्यांची पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केली. १९४६पासून ते मुंबईत, अंधेरीत राहिले आणि कोरत राहिले. त्यांच्या चित्रांतली उपाशी माणसंही ताठ नजरेने बघतात. मला ते फार मोठं वाटतं.

तुझ्या पहिल्या चित्रात मूठ, साखळी, काटेरी तार सगळंच आहे. एकच ठेव. खरं तर तेही नको, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा चेहरा कोर.

लिनो कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेव. दुसरा हात कायम पात्याच्या मागे, यात हयगय नको. अक्षरं उलटी कोरायची असतात. ट्रेसिंग पेपर पालथा घालून उतरव, नाहीतर काना-वेलांटीत हमखास घोटाळा होतो. प्रेस नसेल तर चमच्याच्या पाठीने कागद घासूनही ठसा उत्तम येतो. पावसाळ्यात तेलाची शाई लवकर वाळत नाही, ठसे दोरीवर चांगले आठवडाभर राहू देत. आणि पहिला ठसा मला आणून दाखव.